शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कान, नाक व घसा यांचे विकार

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कान, नाक व घसा यांचे विकार : ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत कान वाहणे, वारंवार होणारे पडसे, घसासूज, गिलायूंची (टॉन्सिलांची) वाढ, घोळणा फुटणे तसेच धूर, धूळ, बुरशी व पराग यांमुळे उद्‌भवणारी अधिहर्षता म्हणजेच ॲलर्जी हे विकार पूर्वापार आढळत आले आहेत. यांपैकी कोणताही विकार केवळ याच प्रदेशाचा नव्हे. कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर सर्वत्र ते दिसतात. तथापि मुंबईसारख्या वैद्यकीय केंद्रापासून शंभर किमी.च्या आत असूनही त्या केंद्राच्या सोयींपासून दीर्घकाळ दूर राहिलेला ग्रामीण भाग म्हणून या दोन तालुक्यांचा इतिहास उद्‌बोधक आहे. या विकारांतील जे प्राणघातक होते ते पुष्कळसे मागे हटले. जे मारीत नाहीत, पण माणसाला आयुष्यभर अधू करतात, ते मात्र टिकून राहिले. असे का झाले, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रदेश व लोक : शहापूर तालुक्याचा बराचसा भाग पूर्वी कोळवण या नावाने ओळखला जाई. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ पर्यंत कसाऱ्याला पोहोचला. थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. त्यामुळे शहापूर तालुक्याच्या पश्चिम व उत्तर भागांतील गावांना कल्याण-मुंबईची वाट मिळाली. मुरबाडच्या वाट्याला लोहमार्ग आला नाही. नाणेघाट व माळशेज या घाटांच्या पायथ्याचा हा तालुका प्राचीन व्यापारी मार्गावर असूनही आधुनिक काळात कल्याणच्या सुमारे ३० किमी. रस्त्यावर अवलंबून राहिला. रुग्णाने तज्ञापर्यंत जावयाचे की तज्ञाने रुग्णापर्यंत यावयाचे, हा प्रश्न येथे मुळात रस्त्याचा प्रश्न होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला; वाडा, जव्हार, मोखाडा हे शेजारचे आदिवासी तालुके तिकडे गेले व शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले.

लोकवस्तीत कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी या आदिवासी जमाती आहेत. कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून नाव पडलेली कातकरी जमात महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक गणली जाते. या जमातीतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या स्थलांतराचा रोगांशी असलेला संबंध पुढे येईल.

हवा, धूर व पाऊस : येथे वार्षिक पर्जन्यमान दोन हजार मिमी.हून अधिक असून ते जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. या काळात कुडाच्या भिंती, कौले, अंथरुणे व साठवलेले धान्य ओलसर राहते आणि त्यांवर बुरशी वाढते. ओलसर हवेत अंथरुणातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटकही वाढतात. घरातील धुळीने होणाऱ्या अधिहर्षतेचे प्रमुख कारण हेच कीटक आहेत, हे १९६० नंतरच्या दशकात नेदर्लंड्समधील संशोधनातून स्पष्ट झाले. कानाच्या बाह्य नलिकेत बुरशी वाढून कानाला खाज सुटणे व दडे बसणे, हाही पावसाळ्याचाच विकार होय.

पावसाळा संपला की धुराचा काळ येतो. भातशेतीत रोपांची जागा तयार करण्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून ते उन्हाळ्यात जाळण्याची जी पद्धत कोकणात आहे, तिला राब म्हणतात. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा हक्क हा मोठ्या वादाचा विषय होता. तो वाद लाकडाचा, महसुलाचा व शेतकऱ्याच्या हक्काचा होता, धुराचा नव्हता. राबाचा धूर उघड्यावर होतो व काही आठवड्यांत संपतो. खरा बारमाही धूर घरातल्या चुलीचा. धुराडे नसलेल्या एका खोलीच्या घरात ओल्या सरपणावर रांधणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल हे दोघेही तो सतत घेत असतात. नाक व घसा यांच्या अस्तरावरील सूक्ष्म केसल पेशी धुराने निकामी होतात, श्लेष्मा साचतो आणि जंतूंना थारा मिळतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागात गॅसच्या शेगड्या पोहोचल्या. तथापि टाकी पुन्हा भरून घेण्याचा खर्च व जवळ फुकट मिळणारे सरपण यांमुळे अनेक घरांत चूल आणि शेगडी दोन्ही नांदतात.

जुने वैद्यक व लोकोपचार : सुश्रुतसंहितेत कानाचे २८ व नाकाचे ३१ रोग वर्णिले आहेत. कर्णस्राव, पूतिकर्ण, कर्णनाद, बाधिर्य, प्रतिश्याय, पीनस, क्षवथू (वारंवार शिंका येणे), गिलायू, गलशुंडिका ही त्यांतील काही नावे असून त्यांपैकी कित्येक आजच्या मराठी वैद्यकीय परिभाषेत जशीच्या तशी वापरली जातात. कान टोचण्याचा विधीही त्यात सविस्तर आला आहे. तो सहाव्या किंवा सातव्या महिन्यात करावा, कानाची पाळी सूर्यप्रकाशात धरून शिरा टाळून छिद्र पाडावे, असे सांगितले आहे. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही तेथे आहेत. महाराष्ट्रात हे काम पुढे बहुधा सोनाराकडे गेले.

ग्रंथातील विद्या आणि गावातील उपचार यांच्यात अंतर पडले होते. खेड्यातील माणसाची शब्दसंपदा वेगळी : कान फुटणे, कान वाहणे, दडे बसणे, नाक चोंदणे, घोळणा फुटणे, घसा धरणे, पडजीभ वाढणे. या शब्दांत निरीक्षण अचूक आहे. ‘कान फुटणे’ म्हणजे कानाच्या पडद्याला छिद्र पडून पू बाहेर येणे. पू येताच ठणका थांबतो, हेही लोकांना ठाऊक होते. घात झाला तो येथेच. ठणका थांबला म्हणजे रोग बरा झाला, असे समजले गेले आणि वाहता कान ही बालपणाची एक अवस्था मानली जाऊ लागली.

उपचारांपैकी पडशावर आले, तुळस, मिरी व गवती चहा यांचा काढा, ओव्याची धुरी, तान्ह्या मुलाला वेखंडाचा लेप हे उपाय निरुपद्रवी व काही अंशी सुखावह होत. कानात लसूण घालून कढविलेले कोमट तेल सोडणे हा उपाय मात्र, पडदा शाबूत नसेल तर, अपायकारक ठरतो. कारण छिद्रावाटे तेल व त्याबरोबरची घाण मध्यकर्णात शिरते. काडीने किंवा पिसाने कान कोरणे, कानात राख वा झाडपाल्याचा रस घालणे हे त्याहून वाईट. अशा वाहत्या, मळलेल्या कानातून धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरतात आणि मूल दगावते. कानातून झालेला धनुर्वात हा भारतातील बालरुग्णांत चांगला परिचित प्रकार होता. लोकोपचारांची सरसकट थट्टा करणे जसे चुकीचे, तसेच त्यांचे सरसकट गुणगान करणेही.

नाकाच्या शस्त्रक्रियेसंबंधी एक प्रसंग येथे नमूद करण्यासारखा आहे, कारण तो नाणेघाटाच्या वरच्या अंगाच्याच मुलुखात, पुण्यात घडला. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाला १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने पकडले व त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्यातील, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून नवे नाक बसविले. मुंबईच्या वैद्यकीय सेवेतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात छापला गेला आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने तीच पद्धत वापरून यश मिळविले. आधुनिक सुघटन शस्त्रक्रियेच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. परंतु कापलेले नाक नवे करून देणारे हात ज्या मुलुखात होते, तेथेच मुलाच्या वाहत्या कानाकडे मात्र कोणी पाहत नव्हते, हेही तितकेच खरे.

नोंदी आणि त्यांतील मौन : ब्रिटिश अमदानीत १८६० नंतर जन्म-मृत्यूंची नोंद गावोगाव होऊ लागली. ती गावचा पाटील करी आणि मृत्यूच्या कारणांसाठी त्याला ठरावीक रकाने दिलेले होते : पटकी, देवी, ताप, अतिसार व आमांश, इजा आणि इतर कारणे. १८९६ च्या साथीनंतर त्यात प्लेगची भर पडली. पाटील हा वैद्य नव्हे. घटसर्पाने गुदमरून गेलेले मूल ‘ताप’ या रकान्यात जाई. कानातील पू मेंदूपर्यंत जाऊन मेलेलेही ‘ताप’ याच रकान्यात, किंवा फार तर ‘इतर कारणे’ यात. हिवतापाने ग्रासलेल्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत ‘ताप’ हा रकाना नेहमीच भरलेला असे, त्यामुळे त्यात आणखी काय काय मिसळले आहे, हे शोधण्याचे कारण कोणाला वाटले नाही. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या कोयनेलामुळे (क्विनिनामुळे) कानात आवाज होतो व काही काळ कमी ऐकू येते. तापाचा आणि कानाचा असाही एक संबंध तेथे होता.

जनगणनेतही हेच घडले. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेड, मूकबधिरता, अंधत्व व कुष्ठरोग या चार व्यंगांची गणना होत असे. परंतु बहिरेपणाची नोंद होई ती जन्मतः मूक व बधिर असणाऱ्यांचीच. लहानपणी कान फुटून ज्याला अर्धवट ऐकू येई, त्याला त्या कोष्टकात जागा नव्हती. १९३१ नंतर ही गणनाच बंद पडली. १९८१ च्या जनगणनेत अपंगांची माहिती पुन्हा घेण्यात आली, तेव्हा पूर्ण अंध, पूर्ण पंगू व पूर्ण मुके एवढ्यांचीच विचारणा झाली. बहिऱ्यांचा प्रश्न विचारलाच गेला नाही. श्रवणदोष हा स्वतंत्र प्रकार म्हणून जनगणनेत आला तो २००१ मध्ये. शंभराहून अधिक वर्षांच्या सरकारी कागदांत शहापूर-मुरबाडचा वाहता कान सापडत नाही, याचे कारण तो तेथे नव्हता हे नसून त्याला रकाना नव्हता, हे होय.

विशेषज्ञतेचा उदय : कानाच्या आत पाहण्याची सोय झाल्याखेरीज त्याच्या रोगांचे शास्त्र निर्माण होणे शक्य नव्हते. मध्यभागी छिद्र असलेल्या आरशाने प्रकाश कानात टाकण्याची युक्ती १८४१ मध्ये हॉफमान या जर्मन वैद्याने सुचविली व १८५५ मध्ये फोन ट्रल्च यांनी ती रूढ केली. त्याच सुमारास मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने छोट्या आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथे पोलिट्‌झर व ग्रूबर यांच्या नेतृत्वाखाली कर्णरोगांचे स्वतंत्र रुग्णालयीन केंद्र सुरू झाले. कानामागील हाडातील पू काढण्याची श्वार्ट्‌झ यांची शस्त्रक्रियाही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ पासून होते, राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले आणि मूकबधिरांसाठी भारतातील पहिली शाळाही १८८५ च्या सुमारास मुंबईतच निघाली. या साऱ्या सोयी मुंबईत होत्या. तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाल्यापासून शहापूर तालुक्याचे पाणी नळाने मुंबईला जात राहिले. रुग्णाला त्याच दिशेने जावे लागे, पण ज्याच्याजवळ गाडीभाडे व बुडालेल्या मजुरीची सोय असेल त्यालाच.

घटसर्प : घशाच्या रोगांत सर्वांत भयंकर तो घटसर्प. यात घशावर करडा-पांढरा पडदा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो आणि जंतुविषामुळे हृदय बंद पडू शकते. ब्रतॉनो या फ्रेंच वैद्याने १८२६ मध्ये या रोगाला आजचे पाश्चात्त्य नाव दिले. क्लेप्स यांनी १८८३ मध्ये जंतू पाहिला व लफ्लर यांनी पुढल्या वर्षी तो वेगळा केला. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी प्रतिविषाचा शोध लावला. प्रतिविष वेळेवर मिळाले तरच उपयोगी पडते, हीच खेड्यांची अडचण होती. रोगी गंभीर झाल्यावर शहापूरहून किंवा मुरबाडहून मुंबईच्या साथीच्या रुग्णालयापर्यंत, म्हणजे पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेपर्यंत, नेण्यातच मोलाचे तास जात.

हा रोग उपचाराने नव्हे, लसीने मागे हटला. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांविरुद्धची त्रिगुणी लस भारताच्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात १९७८ पासून देण्यात येऊ लागली आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू होऊन तीत गोवराच्या लसीची भर पडली. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूट या संस्थेमुळे लसींच्या पुरवठ्यात देश पुष्कळसा स्वयंपूर्ण झाला. गोवर, घटसर्प व धनुर्वात या तिन्ही रोगांचा कान-घशाशी थेट संबंध असल्यामुळे या भागातील बालकांच्या दृष्टीने कोणत्याही कर्णतज्ञापेक्षा लस टोचणाऱ्या परिचारिकेने अधिक काम केले, असे म्हणण्यास हरकत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. गर्भवतीला रुबेला झाल्यास मूल जन्मतः बहिरे होऊ शकते, म्हणून तिचेही येथे महत्त्व आहे. घटसर्प मात्र नाहीसा झालेला नाही. २०१८ मध्ये जगातील घटसर्पाच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होते. लसीच्या तारखेला जे कुटुंब वीटभट्टीवर असते, त्याचे मूल गावच्या यादीतही राहत नाही आणि भट्टीजवळच्या यादीतही येत नाही. रोगाला वाट मिळते ती अशा फटींतून.

वाहता कान : नाकाच्या मागील पोकळीपासून मध्यकर्णापर्यंत एक अरुंद नलिका असते. लहान मुलात ती आखूड, रुंद व जवळजवळ आडवी असल्यामुळे पडशातील जंतू तिच्यातून सहज वर चढतात. मध्यकर्णात पू साचतो, पडद्यावर ताण येतो व तो फुटतो. तीव्र विकार बहुधा बरा होऊन छिद्र भरून येते. परंतु कुपोषित मूल, दाटीवाटीचे घर, घरातला धूर, वारंवार पडसे, डबक्यात डुंबणे आणि अपुरा उपचार ही सर्व कारणे एकत्र आली म्हणजे छिद्र कायम राहते व कान वर्षानुवर्षे वाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ज्या समाजात या चिरकारी विकाराचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असेल, तेथे तो तातडीने लक्ष देण्याजोगा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो. या वर्गात भारताबरोबर ऑस्ट्रेलियाचे आदिवासी व ग्रीनलंडमधील लोक आहेत. हवामानाच्या दृष्टीने यांत काहीच साम्य नाही. साम्य आहे ते गर्दीच्या घरांत व दुर्लक्षिलेल्या बालपणात.

सल्फा औषधे १९३५ पासून व त्यानंतर पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावर कानाच्या रोगातून उद्‌भवणारे मस्तिष्कावरणशोथ व मेंदूतील विद्रधी यांसारखे जीवघेणे उपद्रव कमी झाले. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यामुळे ही औषधे देशातच तयार होऊ लागली. प्रतिजैवांनी मृत्यू टळले, पण छिद्र बुजले नाही. फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने नवा बसविण्याची पद्धत १९५० नंतर जर्मनीत त्सल्नर व वुलश्टाइन यांनी विकसित केली. तिला सूक्ष्मदर्शक, निष्णात हात व त्यानंतरही कान कोरडा ठेवण्याची काळजी लागते. ज्या घरात आंघोळ ओढ्यावर होते तेथे यातली शेवटची अट पाळणेच सर्वांत कठीण. प्रतिजैवांचा दुसरा दोषही सांगितला पाहिजे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन व त्याच्या गटातील इतर अंतःक्षेपणांनी कित्येक रुग्णांचे आंतरकर्ण कायमचे निकामी झाले. क्षय बरा होऊन बहिरेपण मागे राहिले.

वाहत्या कानाने पूर्ण बहिरेपणा क्वचितच येतो. ऐकू कमी येते. समोरून, मोठ्याने बोललेले कळते, मागच्या बाकावर बसल्यास कळत नाही. असे मूल घरी ‘हाक मारली तरी ओ देत नाही’ म्हणून बोलणी खाते आणि शाळेत ‘मठ्ठ’ ठरते. मातृभाषा ठाकरी किंवा कातकरी असलेल्या मुलाला शाळेतील प्रमाण मराठी आधीच अनोळखी असते. त्यात शब्दांची टोके ऐकू येत नसतील तर ते मागे पडणार हे उघड आहे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापूर येथे असून त्याच्या कक्षेत आश्रमशाळा चालतात. निवासी शाळेतील गर्दीमुळे पडसे एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. उलट मुले एका जागी सापडत असल्याने कान तपासणेही तेथेच सर्वांत सोपे आहे. ही संधी पुरेशी वापरली गेली असे म्हणता येत नाही.

अधिहर्षता : परागज ज्वराचे पहिले व्यवस्थित वर्णन जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये लंडनमध्ये केले, १८७३ मध्ये ब्लॅक्ली यांनी तो परागांमुळे होतो हे स्वतःवर प्रयोग करून दाखविले, ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये क्लेमेन्स फोन पिर्के यांनी योजला. खेड्यात मात्र सकाळी उठल्यापासून लागोपाठ शिंका, नाकातून पाणी आणि डोळ्यांची खाज यांना ‘सर्दीची प्रकृती’ एवढेच नाव होते. भात व गवते यांना फुलोरा येण्याचा भाद्रपद-आश्विनाचा काळ, मळणीचा व गिरणीतील कोंड्याचा काळ आणि पावसाळ्यातील बुरशीचा काळ अशी या भागात अधिहर्षतेची तीन पर्वे मानता येतात.

नव्या काळात तिच्यात दोन गोष्टींची भर पडली. १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ प्रथम आढळलेले गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, रस्त्यांच्या कडेने व पडीक जमिनींतून पसरत गेले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आले, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या परागांनी नासाशोथ व स्पर्शाने उग्र त्वचाशोथ होतो. पुण्यातील अशा त्वचारोग्यांचे निरीक्षण १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दुसरी भर धुळीची : वीटभट्ट्या, खडी फोडण्याची यंत्रे, महामार्गावरील वाहतूक आणि मुरबाडची औद्योगिक वसाहत. हिस्टामीनरोधी गोळी आता प्रत्येक किराणा दुकानाशेजारच्या औषधालयात मिळते आणि ती घेऊन माणूस झोपाळलेल्या अवस्थेत शेतात किंवा यंत्रावर जातो. नाकात फवारण्याची औषधे अधिक गुणकारी असली, तरी ती महिनोन्‌महिने वापरावी लागतात व तत्काळ गुण दिसत नाही, म्हणून सोडून दिली जातात.

स्वातंत्र्योत्तर व्यवस्था : भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. पुढे आदिवासी व डोंगराळ भागांसाठी २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र व ३,००० मागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. त्यांवरील ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ञ व बालरोगतज्ञ असावेत, अशी कल्पना होती. त्यात कान-नाक-घसा तज्ञ नव्हता. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय व शहापूरला उपजिल्हा रुग्णालय झाले, तरी कानाच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा मुंबई हीच ठिकाणे राहिली. मधली जागा शिबिरांनी व खाजगी दवाखान्यांनी भरून काढली. शिबिरात निदान होते; पण पुढील सहा महिने कान कोरडा राहतो की नाही हे शिबिर पाहू शकत नाही.

डोळ्यांशी तुलना केली म्हणजे हा फरक नजरेत भरतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला; बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा कार्यक्रम २००६-०७ मध्ये, तोही प्रथम २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय श्रवणदोष संस्था स्थापन झाली होती, परंतु तिचे कार्य मुख्यत्वे पुनर्वसनाचे व प्रशिक्षणाचे. मोतीबिंदूचा रोगी एका शस्त्रक्रियेने दिसू लागतो व मोजता येतो. कानाचा रोगी असा एका दिवसात मोजता येत नाही, हेही या तीस वर्षांच्या अंतरामागील एक कारण असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथेच झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत जन्मजात बहिरेपणा, श्रवणदोष व मध्यकर्णशोथ यांचा समावेश आहे. अंगणवाडीत व शाळेत जाऊन मुलांचे कान पाहण्याची जबाबदारी एका पथकावर आली. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा खर्च समाविष्ट आहे.

कोविड-१९ च्या साथीत वास व चव जाणे हे नाकाचे लक्षण घरोघरी परिचित झाले आणि २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांत नाकाभोवतीच्या पोकळ्यांत पसरणाऱ्या म्युकरमायकोसिस या बुरशीरोगाचे महाराष्ट्रात फार मोठ्या संख्येने रुग्ण आढळले. 

कायद्याची मोजपट्टी मात्र अजूनही वाहत्या कानाला लागू पडत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात बऱ्या कानात ६० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास ही मर्यादा होती. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हासाला कमी ऐकू येणे व त्याहून अधिकाला बधिरता असे म्हटले आहे. पडद्याच्या छिद्राने होणारा ऱ्हास पुष्कळदा ३० ते ५० डेसिबलांच्या दरम्यान राहतो. अशा मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही, श्रवणयंत्र मिळत नाही, परीक्षेतील सवलतही मिळत नाही. दिवाळीनंतर ते आईवडिलांबरोबर भट्टीवर जाते आणि तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण असते.